मुंबईचा इतिहास बघायचाय: भायखळा की काळा घोडा?

सुट्ट्या लागल्या की एक प्रश्न हमखास येतो. "मुंबईत एकच दिवस आहे, मुलांना मुंबईचा इतिहास दाखवायचाय, कुठल्या म्युझियमला जाऊ?" विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा काळ्या घोड्याजवळची घुमटाची इमारत असते, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. जुनी माणसं अजूनही 'प्रिन्स ऑफ वेल्स'च म्हणतात. मी मात्र आधी भायखळ्याचं नाव घेते. राणीच्या बागेच्या दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. पेंग्विन बघायला गेलेली कित्येक कुटुंबं त्याच्यावरून सरळ पुढे निघून जातात, आणि त्याची मला खरंच हळहळ वाटते.

दोन्ही ठिकाणी मी अनेकदा गेले आहे. दोन्ही माझ्या आवडीची आहेत, पण ती एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. काळ्या घोड्याला सिंधू संस्कृतीपासून लघुचित्रांपर्यंत सगळा भारत भेटतो, टाटा बंधूंनी जगभरातून जमवलेल्या वस्तू भेटतात, अगदी अ‍ॅसिरियातली कोरीव शिल्पंही दिसतात. मुंबई त्यात आहे, पण ती शोधावी लागते. भायखळ्याला सगळी गोष्ट या शहराचीच आहे.

तिथली इमारतसुद्धा त्या गोष्टीचाच भाग आहे. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी इथल्या वस्तू गोळा केल्या गेल्या, तेव्हा त्यांतून फोर्टातल्या बराकीत एक संग्रह उभा राहिला. १८५७ च्या धामधुमीत सैन्याला बराकी हव्या झाल्या आणि वस्तू टाउन हॉलमध्ये हलवाव्या लागल्या. मग शहरातल्या प्रतिष्ठितांनी मनावर घेतलं. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी त्यात पुढे होते. वर्गणी जमली आणि १८६२ मध्ये पायाभरणी झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेले ते दिवस. १८६५ मध्ये युद्ध संपलं, शेअरचा फुगा फुटला, बडी बडी घराणी बुडाली आणि बांधकामाचे पैसेही आटले. शेवटी सरकारने काम पुरं केलं आणि १८७२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. भाऊ दाजींचं नाव लागायला १९७५ उजाडलं. आत पाऊल टाकताच ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी नक्षीचं छत आणि पायाखालच्या विलायती फरश्या दिसतात. इथे दोन मिनिटं थांबून मुलांना कापसाची ही गोष्ट जरूर सांगा. त्यानंतर त्या खांबांकडे ती वेगळ्या नजरेने बघतात.

तळमजल्यावर कारागिरीच्या वस्तू आहेत. मुंबई आहे ती वरच्या मजल्यावर. नकाशे, जुनी चित्रं, गलबतांच्या प्रतिकृती, पारशांच्या दख्म्याचा (मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याचा) नमुना आणि मातीच्या लहान लहान बाहुल्या. माझा सगळ्यात जास्त वेळ या बाहुल्यांपाशीच जातो. वीतभर उंचीची माणसं, प्रत्येकाचं नेसणं वेगळं, डोक्यावरचं पागोटं वेगळं. एका भेटीत माझी आत्या काचेला नाक लावून तिथे उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, हे असंच बांधायचे आमचे आजोबा." पुढचा अर्धा तास ती आजोबांबद्दलच बोलत होती. त्यातलं बरंचसं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. ही माणसं जात, जमात आणि धंद्यानुसार मांडलेली आहेत, आणि ती मांडणी करणारी नजर साहेबाची आहे. मुलांसोबत असाल तर हे बोलाच. शिवाय या संग्रहाचा जीव एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुंबईत आहे. गिरणी कामगारांचे संप, संयुक्त महाराष्ट्राचा लढा असं काही मनात धरून गेलात, तर कायमच्या मांडणीत ते सापडेल या भरवशावर राहू नका.

बाहेरचा दगडी हत्ती मात्र चुकवू नका. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जुळवले. जवळ जाऊन अंगावरून नजर फिरवली की जोड दिसतात. मुलं तर ते शोधण्यातच रमतात.

आता काळा घोडा. १९०५ मध्ये कोनशिला बसली, आराखडा जॉर्ज विटेट यांचा. इमारत उभी राहिली तोवर पहिलं महायुद्ध आलं आणि तिथे लष्करी इस्पितळ थाटलं गेलं. लोकांना आत जायला मिळालं ते १९२२ मध्ये. घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवरचा, पण दगड इथलाच: कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर. बागेत उभं राहून भिंत बघितली तरी उपनगरांच्या जुन्या खाणी आठवाव्यात.

आत मुंबईसाठी म्हणून जायचं असेल तर दोन गोष्टी धरा. एक, घारापुरीहून आलेली शिल्पं. त्यांतला ब्रह्मा बघितल्यावर भायखळ्याच्या हत्तीशी त्याचं नातं लागतं. दुसरी, सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा. दिसायला साधा, खडबडीत दगड, त्यावर ब्राह्मी अक्षरं. आज जिथे आपण विरारच्या लोकलला लोंबकळतो, तिथे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी गजबजलेलं बंदर होतं, याचा तो पुरावा.

निवड कशी करायची? हातात दोन तासच असतील, किंवा बरोबर म्हातारं माणूस असेल, तर भायखळाच. जागा आटोपशीर आहे, दमछाक होत नाही आणि तिकीटही अगदी किरकोळ. फक्त मुंबईचा भाग जिना चढून वर आहे, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असेल तर दारातच सोयीची चौकशी करा. लहान मुलं असतील तर पलीकडे राणीची बाग आहेच. पण आधी म्युझियम आणि मग बाग, हा क्रम मोडू नका. एकदा प्राणी बघितले की मुलं परत काचेच्या कपाटांकडे वळत नाहीत. मध्य रेल्वेने भायखळ्याला पूर्वेकडे उतरलात की चालत जाता येतं.

पूर्ण दिवस असेल, इतिहास शिकणारा मुलगा किंवा मुलगी बरोबर असेल आणि तिकिटाला जास्त पैसे मोजायची तयारी असेल, तर काळा घोडा. मात्र सगळं बघायचा हट्ट धरू नका. तीन दालनं ठरवून नीट बघा. पावसाळ्यातही तेच बरं, दिवसभर छपराखाली निघतो. बुधवारी तर प्रश्नच नाही, त्या दिवशी भायखळा बंद असतं.

दोन्ही जमणार असतील तर सकाळी भायखळा आणि दुपारनंतर काळा घोडा करा. या क्रमामागे माझं एक कारण आहे. भाऊ दाजी डॉक्टर होते, पण जुने शिलालेख वाचायचा त्यांना नाद होता. नकला करून आणायला त्यांनी भगवानलाल इंद्रजी या गुजराती तरुणाला हाताशी धरलं, आणि तो वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी लेण्यालेण्यांतून हिंडला. १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले. पुढे १८८२ मध्ये याच भगवानलालांना सोपाऱ्याला अशोकाचा तो दगड सापडला.