धारावीचा कुंभारवाडा: माठ घ्यायला जा, पण आधी आतल्या गल्लीत शिरा

सिरॅमिक्स शिकवायला लागून मला २८ वर्षं झाली. ठाण्याला माझा छोटा स्टुडिओ आहे, चार इलेक्ट्रिक चाकं आणि एक विजेची भट्टी. दर मार्चमध्ये नवी बॅच घेऊन मी धारावीच्या कुंभारवाड्यात जाते. मुलांना वाटतं माठ घ्यायला चाललोय. माठ घेतोच, पण मी त्यांना तिथे नेते ती हात बघायला.

सायनला उतरून नव्वद फुटी रस्त्याकडे चालत जा. रस्त्याच्या कडेला माठ, कुंड्या, पणत्या एकावर एक रचलेल्या दिसल्या की आलात. बरेच जण तिथूनच खरेदी करून मागे फिरतात. तसं करू नका, आत शिरा. इथल्या कुंभारांचे वाडवडील सौराष्ट्रातून आलेले आणि १९३०च्या दशकात धारावीत स्थिरावलेले. पुढे माल, मागे घर, मधे चाक, दाराशी वाळत घातलेली भांडी, आणि गल्लीत चार घरांत मिळून एक भट्टी. पाय जपून टाकावे लागतात. ओल्या पणत्यांच्या फळीला तुमच्या पर्सचा धक्का लागला, तर कुणाची तरी सकाळ वाया जाते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी, कॉलेजात शिकवणारी हुशार बाई, सहा आठवडे झाले तरी तिला मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर आणता येत नव्हता. गोळा थरथरायचा, ती बोटांनी आणखी आवळायची, तो आणखी थरथरायचा. "कोपर मांडीला टेकवा, बोटांनी पकडू नका, अंगाचा भार द्या", हे मी तिला निदान पन्नासदा सांगितलं असेल. कुंभारवाड्यात एका सत्तरीच्या काकांनी तिला आपल्या चाकावर बसवलं. क्षणभर बघितलं. मग तिचं कोपर धरून तिच्याच मांडीवर दाबलं आणि तसंच दाबून ठेवलं. "हं, आता." एवढंच बोलले. गोळा स्थिर झाला. तिचे डोळे भरून आले, आणि खरं सांगते, माझेही. त्या दिवसापासून मी वर्गात निम्मंच बोलते. कोपरावर हात ठेवते.

काकांच्या पणत्या मी मुलांना मुद्दाम बघायला लावते. आम्ही स्टुडिओत अर्ध्या किलोचे गोळे वजन करून घेतो. ते चाकावर मातीचा मोठा ढीग चढवतात आणि त्याच्या शेंड्यावरून एकामागून एक पणत्या काढत जातात. अंगठा आत, कड वर, चोच दाबली, दोऱ्याने कापली, फळीवर ठेवली. इथे एक बारीक गोष्ट आहे, लक्ष नसेल तर ती सुटते. अंगठा आत गेल्यावर ते तळ एकदा नीट दाबून घेतात, मगच कड उचलतात. ढिगावरून काढलेल्या भांड्याचा तळ दबलेला नसला, तर वाळताना तिथे इंग्रजी एससारखी तड जाते. माझ्या विद्यार्थ्यांच्या वाट्या अशाच जायच्या आणि दोष आम्ही मातीला द्यायचो.

आता माठाबद्दल. बोटाच्या पेराने टकटक करा. टणटण वाजला तर घ्या, भद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. तळ उन्हाकडे धरून तोंडातून आत बघा, उजेडाचा ठिपका दिसला तर परत ठेवा. अंगावर पांढरे कण दिसले तरी नको. ती चुनखडी असते. भाजल्यावर ती हवेतली ओल धरून फुगते आणि महिन्याभरात तिथला टवका उडतो. ऑइल पेंटने रंगवलेला माठ शोभेला ठेवा, पाण्याला नाही. माठातलं पाणी गार होतं ते छिद्रांतून झिरपून बाहेर वाळतं म्हणून. छिद्रं बुजवलीत तर तो नुसता हंडा. आणि मुंबईच्या दमट हवेत नागपूरसारखं गार पाणी मागू नका. तिथे हवा कोरडी, पाणी भराभर वाळतं. तो माठाचा दोष नव्हे.

तक्रारही सांगते. गेल्या वर्षी एका गाळ्यातून सहा माठ घेतले, त्यातला एक घरी येऊन तळातून ठिबकायला लागला. गर्दी होती, आत पाणी घालून बघू दिलं नव्हतं. बदलून मिळाला, पण त्यासाठी ठाणे ते सायन पुन्हा माठ मांडीवर घेऊन लोकलने जावं लागलं. तेव्हापासून मी पाण्याची बाटली सोबत नेते आणि "भाई, जरा पाणी घालून बघते" असं आधीच विचारते. बहुतेक जण आनंदाने बघू देतात. जो देत नाही, त्याच्याकडून घेत नाही. बांधून देण्याची सोयही यथातथाच, त्यामुळे जुने टॉवेल आणि वर्तमानपत्रं घरूनच न्या.

दुसरी गोष्ट तक्रार म्हणून नाही, काळजी म्हणून लिहिते. भट्टीत चिंध्या जळतात आणि धूर गल्लीभर कोंडतो. आपण तासाभराने निघून जातो, तिथली मुलं त्यातच अभ्यास करतात. पुनर्विकासाच्या गप्पा निघाल्या की मला पहिला प्रश्न पडतो तो भट्टीचा. घर वरच्या मजल्यावर गेलं तर वाळवण कुठे घालायचं, आवा कुठे लावायचा? धूर कमी करणाऱ्या भट्ट्या बांधता येतात. कुंभारांना सोबत बसवून, त्यांच्या हातांच्या सोयीने त्या व्हायला हव्यात. घटस्थापनेचा घट आणि संक्रांतीची सुगडं आपण दरवर्षी घेतो, तेव्हा हे आपलंही काम आहे.

सकाळी दहाच्या आत जा, काम चालू दिसतं. दिवाळीच्या आधी गर्दी फार, शिकायला जाणाऱ्यांनी मार्च गाठावा. फोटो काढण्याआधी विचारा. कुणी शिकवलं, चाकावर बसवलं, तर निदान डझनभर पणत्या विकत घ्या, घासाघीस न करता.

नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिली दोन पाणी झाडांना घाला. माझ्या ओट्यावरचा मोठा माठ चौथ्या उन्हाळ्यात आलाय. बाहेरून पांढरे क्षार धरलेत, हात लावला तर कोरडा लागतो, पाणी पूर्वीसारखं गार होत नाही. त्यात आता ओवा लावणार आहे. गुरुवारी बॅचसोबत जातेय, नवा आणीन.