वकिलांसाठीचा मसुदालेखनाचा ऑनलाइन कोर्स: संपून सहा महिने झाल्यावर

माझ्या वकिलीला चौदा वर्षं झाली. रोजचं काम नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात, आठवड्यातले दोन-तीन दिवस हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात. गेल्या मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली तेव्हा वकिलांसाठीच्या मसुदालेखनाच्या एका ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवलं. अकरा आठवडे, दर शनिवारी दीड तास व्याख्यान, आणि दर आठवड्याला आपलाच एखादा मसुदा नावं झाकून तपासायला पाठवायचा. जुलैअखेर कोर्स संपला. तेव्हाच लिहिलं नाही, कारण शिकून उठल्यावर सगळंच पटलेलं असतं. बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, वीस मॅटर आणि टेबलावर उद्याचं रिजॉइंडर (समोरच्याच्या उत्तराला द्यायचं प्रत्युत्तर) असताना त्यातलं काय हाती राहतं, ते पाहायचं होतं.

व्याख्यानं ठीक होती. पैसे वसूल झाले ते तपासणीत.

पहिला मसुदा पाठवला तो अटकपूर्व जामिनाचा, २१ पानांचा. परत आला तेव्हा वर एकच प्रश्न लिहिलेला होता: “अर्जदाराला अटक का नको, हे मला कितव्या पानावर कळतं?” मी मोजलं. चौदाव्या. त्याआधी एफआयआर जशीच्या तशी उतरवलेली, मग अर्जदार कायद्याचे पालन करणारा नागरिक आहे, समाजात त्याला मान आहे वगैरे, जे प्रत्येक अर्जदाराबद्दल आम्ही लिहितोच. खाली आणखी एक खूण होती. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली म्हणून शीर्षकात मी कलम ४८२ केलं होतं, प्रार्थनेत, म्हणजे कोर्टाकडे काय मागतो त्या भागात, मात्र जुनं ४३८ राहून गेलं होतं. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, नव्या संहितेत तोच आकडा अटकपूर्व जामिनाचा, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. जुन्या फाइलवरून नवी फाइल काढायची सवय असली की असे आकडे घात करतात. त्या दिवशी मी संगणकातले माझे सगळे ‘फॉरमॅट’ एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले. अजून त्यातून काही उचललेलं नाही.

आता मसुदा सुरू होतो तारखांच्या यादीने. एका बाजूला तारीख, समोर एका ओळीत घटना, तिच्यापुढे कागद. ज्या तारखेपुढे कागद नाही तिथे पक्षकाराला विचारायचं. यादी पुरी झाल्याशिवाय पहिलं वाक्य टाइप करायचं नाही. ऐकायला साधं आहे, पण माझ्या हातून चौदा वर्षं हे झालं नव्हतं. मी लिहिता लिहिता विचार करत होते आणि तो सगळा गोंधळ न्यायाधीशांपुढे जात होता. युक्तिवादाच्या भागासाठी कोर्सने मुद्दा, कायदा, तो या प्रकरणाला कसा लागतो आणि निष्कर्ष हा क्रम दिला. स्टेट बँक विरुद्ध अजयकुमार सूद या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रांसाठी हाच क्रम सुचवला आहे. न्यायाधीशांनी ज्या क्रमाने लिहावं असं वरचं न्यायालय म्हणतं, त्याच क्रमाने आपण त्यांच्या हाती मजकूर दिला तर त्यांचं काम हलकं होतं.

एक गोष्ट कोर्सबाहेरची, पण त्याच्यामुळेच सुचली. नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले व्हिव्हियन बोस पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा १९५८ चा विरसा सिंग निकाल मी पुन्हा वाचला, या वेळी कायद्यासाठी नाही, लिहिण्यासाठी. खुनाच्या व्याख्येतला तिसरा खंड, ज्यावर आजही ट्रायल कोर्टात घसे कोरडे होतात, तो त्यांनी चार पायऱ्यांत मांडलं आहे: आधी जखम आहे हे दाखवा, मग तिचं स्वरूप, मग तीच जखम करायचा हेतू होता हे, आणि शेवटी ती निसर्गक्रमाने मृत्यूला पुरेशी होती हे. साधे शब्द आणि प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट. आपल्याच गावच्या हायकोर्टात असा माणूस बसून गेला आणि आम्ही त्याचा निकाल फक्त ‘सायट’ करतो, याचं मला वाईट वाटलं.

खरा बदल झाला तो मराठी मसुद्यांत, आणि कोर्सबद्दलची माझी मोठी तक्रारही तिथेच आहे. सगळी उदाहरणं इंग्रजी, बहुतेक दिल्ली-मुंबईच्या व्यापारी वादांची. मी एक मराठी दावा तपासायला पाठवला तर मराठी तपासता येणार नाही असं उत्तर आलं. महाराष्ट्रात खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी ठरलेली आहे, आणि माझे निम्म्याहून जास्त मसुदे मराठीत असतात. म्हणून इंग्रजीत शिकलेलं मराठीत उतरवायचं काम मला एकटीला करावं लागलं.

काटोल तालुक्यातला धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद होता. माझी जुन्या पद्धतीची ओळ अशी: “सदरहू प्रतिवादीने सदरहू वादीच्या सदरहू शेताचा पूर्वेकडील संपूर्ण धुरा बेकायदेशीररीत्या, जबरदस्तीने व दंडेलशाहीने कोरून नष्ट केल्याने वादीचे अपरिमित व कधीही भरून न येणारे नुकसान झाले.” हे मी पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवलं. सत्तरीतला शेतकरी, हात वर करून मला थांबवलं. “संपूर्ण नाही जी मॅडम. बाभळीपासून नाल्यापर्यंतच कोरला. इकडचा धुरा आहे ना जसाच्या तसा.” मोजणीच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं, तेवढाच तुकडा होता. दाव्यात शेवटी गेलं ते हे: “१२ जून २०२५ रोजी सकाळी प्रतिवादीने ट्रॅक्टरने पूर्वेकडचा धुरा बाभळीच्या झाडापासून नाल्यापर्यंत, सुमारे ४० फूट, कोरला. वादीने त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार दिली.” ‘संपूर्ण’ हा एक शब्द राहिला असता तर उलटतपासणीत खरं बोलणारा माणूस खोटा ठरला असता, आणि तो शब्द त्याचा नव्हताच, माझा होता.

दाव्याखाली सत्यापनात आम्ही लिहितो की मजकूर वाचला, समजला, खरा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १५ प्रमाणे कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून आणि कोणता ऐकीव, तेही सांगायचं असतं. पूर्वी पक्षकार मी बोट ठेवीन तिथे सही करायचे. आता प्रत्येक मसुदा वाचून दाखवल्याशिवाय मी सही घेत नाही. अर्धा-पाऊण तास जातो, पण प्रत्येक वाचनात एक तरी दुरुस्ती निघते.

लेखी जबाबातही तसंच. “परिच्छेद १ ते ९ मधील मजकूर खोटा व खोडसाळ असून नाकबूल” ही ओळ मी शेकडो वेळा लिहिली असेन. आदेश ८ नियम ३ आणि ५ वाचले की कळतं, नेमकं न नाकारलेलं कबूल धरलं जाऊ शकतं. आता परिच्छेदागणिक उत्तर देते, आणि जे खरं आहे ते सरळ कबूल करते. चेक बाउन्सच्या नोटिशीत धनादेशाची रक्कम वेगळ्या ओळीत, व्याज आणि नोटिशीचा खर्च वेगळा.

आता अडचणी. पहिले दोन महिने प्रत्येक मसुद्याला दीडपट वेळ लागला, ज्युनिअर कंटाळले. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट पानावर पैसे घेतात आणि पक्षकारही गठ्ठ्यावरून वकिलाची मेहनत मोजतात. नऊ पानांचा जामीन अर्ज पाहून एका मुलाच्या वडिलांनी काळजीने विचारलं, “मॅडम, एवढंच?” मी त्यांना शेजारी बसवून पहिलं पान वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. एआयवरचं सत्र घाईत उरकलं. तिथे एकच सांगायला हवं होतं: यंत्राने दिलेला प्रत्येक निकाल ई-एससीआरवर (सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा ऑनलाइन संग्रह) किंवा हायकोर्टाच्या संकेतस्थळावर उघडून वाचल्याशिवाय मसुद्यात घालायचा नाही.

हा कोर्स पाच-दहा वर्षं वकिली झालेल्यांनी घ्यावा, कारण तपासायला स्वतःचे मसुदे हवेत. सनद नुकती मिळालेल्यांना मी आधी एखाद्या सीनिअरकडे तारखांच्या याद्या करायला सांगेन.

माझं अजून अडतं ते दुसऱ्या अपिलात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली ‘सब्स्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ’, म्हणजे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, अपिलातच नेमका मांडावा लागतो, आणि माझा प्रश्न अजूनही वस्तुस्थितीकडे घसरतो. कोर्सने यावर जेमतेम वीस मिनिटं दिली. म्हणून सप्टेंबरपासून खंडपीठाचे दाखल-आदेश, म्हणजे अपील सुनावणीला घेतानाचे आदेश, वाचते आणि न्यायालयाने स्वतः तयार केलेला प्रश्न हाताने वहीत उतरवते, खाली त्याच प्रकरणावर मी कसा लिहिला असता तेही. आतापर्यंत सदतीस झाले.