यूथ एक्स्चेंज की दीर्घ स्वयंसेवन?

युरोपियन युनियनच्या पैशातून तरुणांसाठी चालणाऱ्या या दोन वाटा. इरास्मस प्लस या शिक्षण आणि युवा कार्यक्रमातलं यूथ एक्स्चेंज 5 ते 21 दिवसांत आटोपतं, वय 13 ते 30. युरोपियन सॉलिडॅरिटी कोर या स्वयंसेवनाच्या कार्यक्रमातलं वैयक्तिक स्वयंसेवन बहुधा 2 ते 12 महिन्यांचं, वय 18 ते 30.

एक्स्चेंजमध्ये देशोदेशीचे गट एका छताखाली राहतात. खेळ, नाट्य, चर्चा यांतून शिकतात. तिथली हमखास होणारी ‘सांस्कृतिक संध्याकाळ’ मला फारशी पटत नाही. टेबलावर झेंडा, बशीत मिठाई, दोन नाच, की झाला देश सादर! खरं काम होतं दिवसअखेरच्या छोट्या गटात. ‘आज काय खटकलं?’ असं विचारल्यावर एखादा मुखदुर्बळ मुलगाही बोलायला लागतो.

स्वयंसेवनात असं गोल करून बसणं रोज नसतं. युवा केंद्रात किंवा वृद्धांच्या संस्थेत कामाला जायचं. प्रवास, राहणं, जेवण, विमा, थोडा हातखर्च यांची सोय होते. अडीनडीला मेंटॉर असतो. पण पाहुणेपण लवकर ओसरतं. भांडी कुणी घासायची, किती मिनिटांना उशीर म्हणायचं, यावरून खटके उडतात आणि संस्कृतीतला फरक तिथे कळतो. भाषाही, तोडकीमोडकी का होईना, जिभेवर बसते. एकटेपणाही वाट्याला येतो. माहितीपत्रकात तो सहसा नसतो.

यूथपास, म्हणजे काय शिकलात याची नोंद असलेलं प्रमाणपत्र, दोन्हीकडे मिळतं. कधीच घराबाहेर न राहिलेल्याने आधी एक्स्चेंज करावं. दीर्घ स्वयंसेवनाची संधी साधारणपणे एकदाच मिळते, ती घाईत खर्ची घालू नये.