एरॉन की लीप? खुर्ची निवडण्याआधी सीटची खोली तपासा

दिवसाचे आठ-दहा तास टेबलाशी काढणाऱ्यांनी चांगली खुर्ची शोधायला घेतली की दोन नावं हमखास समोर येतात: हर्मन मिलरची एरॉन आणि स्टीलकेसची लीप. दोन्ही दणकट आहेत आणि दोन्ही कंपन्या नव्या खुर्चीवर साधारण १२ वर्षांची हमी देतात. तरीही चुकीची निवडली तर पंधरा दिवसांत पाय भरून यायला लागतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं, सीटची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतची सीटची लांबी.

ती तपासायला कंबर मागे पूर्ण टेकवून बसा, तळवे जमिनीवर सपाट ठेवा. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची लवण यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. मावली नाहीत तर कड पोटरीला दाबते, पायांना मुंग्या येतात आणि माणूस नकळत पुढे सरकतो. तसं झालं की पाठ सुटते आणि ज्या लंबर सपोर्टसाठी, म्हणजे कंबरेच्या आधारासाठी, एवढे पैसे मोजले तो नुसताच मागे राहतो. उलट अंतर फार जास्त असेल तर मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार बुडाच्या हाडांवर येतो.

१९९४ साली आलेल्या एरॉनची सीट पुढे-मागे सरकतच नाही. म्हणून ती ए, बी, सी अशा तीन मापांत मिळते आणि माप चुकलं तर कुठलाही नॉब ते सावरू शकत नाही. बहुतेकांना बी बसतं, पण ठेंगण्या आणि उंच माणसांनी गृहीत धरू नये. वापरलेली खुर्ची घेत असाल तर पाठीच्या चौकटीच्या वरच्या कडेला मागून बोट फिरवा: एक उंचवटा म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी. तिची सीट आणि पाठ जाळीची, उकाड्यात फारच सुखाची, घाम साचत नाही. मात्र सीटची चौकट कडक आहे. मांडी घालून किंवा एक पाय दुमडून बसायची सवय असेल तर ती कड घोट्याला आणि मांडीला रुतणारच. अशांनी एरॉन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लीप इथे जास्त समजूतदार. सीट पुढे-मागे सरकते, पुढची कड लवचिक आहे, पाठ कण्याबरोबर वाकते आणि रेलताना सीट किंचित पुढे येते, त्यामुळे हात कीबोर्डपासून फार लांब जात नाहीत. कंबरेच्या आधाराची उंची आणि कडकपणा वेगवेगळा ठरवता येतो. एकाच खुर्चीवर घरातले दोघंतिघं बसणार असतील तर लीपच घ्यावी. तिचा दोष म्हणजे फोम: उष्ण खोलीत तापतो आणि वर्षानुवर्षांच्या वापरानं दबतो. जुनी लीप घेताना सीटच्या मधोमध मूठ दाबून पाहा. खालचा कडक तळ लागला तर गादी बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.

रेलण्याचा ताण दोन्हींत जुळवावाच लागतो आणि तो बहुतेक जण जुळवत नाहीत. लॉक काढा, हात छातीशी घ्या, मागे रेला. धपकन मागे गेलात तर ताण वाढवा, खुर्ची पुढे ढकलत असेल तर कमी करा. एरॉनचा नॉब बरेच फेरे मागतो. चार फेऱ्यांत फरक पडला नाही म्हणून तो बिघडलाय असं समजू नका.

आर्मरेस्ट कोपराच्या उंचीला आणा, खांदे वर उचलले जाता कामा नयेत. टेबल ७२-७५ सेंमी उंच आणि माणूस ठेंगणा असेल तर खुर्ची टेबलाच्या हिशोबानं वर घ्या आणि पायाखाली फूटरेस्ट ठेवा. खुर्ची खाली ठेवून खांदे उचलत टाइप करणं मानेला सर्वात महाग पडतं.

जुन्या खुर्चीवर दहा मिनिटं बसूनही पाहा. ती हळूहळू खाली बसत असेल तर सीट वर-खाली करणारा गॅस सिलिंडर गेलाय. तो स्क्रूनं नाही, निमुळत्या टोकानं घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे रबरी हातोडीनं ठोकून निघतो आणि बदलता येतो. एरॉनची जाळी चौकटीपाशी उसवली असेल तर मात्र घेऊ नका. जाळी वेगळी शिवून मिळत नाही, चौकटीसकट अख्खी सीट बदलावी लागते.