ट्रॉली अखाजीला घ्यावी की श्रावणात? जळगावच्या एका कारखान्याचा अनुभव

खान्देशात शेतकऱ्याचे वर्ष अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, त्याच सुमारास ठरतो, जुने हिशेब तेव्हाच मिटतात आणि नवे अवजार दारात यावे ही हौसही त्याच दिवसांत बळावते. ट्रॅक्टरमागे जोडायची आमच्या घरची पहिली ट्रॉली 2011 साली अशीच अखाजीच्या मुहूर्तावर आली होती. ज्याने ती बांधली त्याच्याकडे त्या वेळी इतकी गर्दी होती की, पत्र्यावर अस्तराचा रंग नीट वाळण्याआधीच वरचा निळा रंग चढला, आणि सातव्या पावसाळ्यात मागच्या फळीजवळचा तळ हाताने चुरगळू लागला. त्याचे नाव येथे घेत नाही. चूक निम्मी त्याची होती आणि निम्मी आमच्या घाईची.

म्हणून दुसरी ट्रॉली घेताना, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी 2025 च्या एप्रिलमध्येच चौकशी केली. चारचाकी, हायड्रॉलिक जॅकने मागे उलटणारी, कापसासाठी वरून जाळी चढवता येईल अशी ट्रॉली हवी होती. त्या वेळी कर वगळून 2,00,000 रुपये भाव सांगण्यात आला आणि ताबा जूनच्या मध्यावर मिळेल असे कळले. म्हणजे शेणखत वाहून झालेले, कापसाची लागवड आटोपलेली आणि ट्रॉली त्यानंतर हजर! मालकांनी हे लपवले नाही. उलट, फार निकड नसेल तर पेरण्या उरकल्यावर या, असे त्यांनीच सुचवले. गिऱ्हाईक समोर उभे असताना त्याला चार महिने थांबायला सांगणारा माणूस या धंद्यात विरळा आहे, आणि हा अभिप्राय लिहिण्याचे पहिले कारण तेच आहे.

या सल्ल्यामागचा हिशेब त्यांनी समजावून सांगितला, तो मला पटला. एप्रिल-मे महिन्यांत शेणखत आणि गाळ वाहायचा असतो, रावेर-यावलकडे केळीची कापणी जोरात असते आणि सर्वांना ट्रॉली एकाच वेळी हवी असते. लग्नसराईमुळे वेल्डर सुटीवर असतात. जे असतात ते रात्रपाळी करतात. पेरण्या झाल्या की हे सारे थंडावते. पावसात बांधकामे मंदावल्यामुळे लोखंडाची मागणीही सहसा उतरते, त्यामुळे चॅनल आणि पत्रा घेताना कारखानदाराला घासाघीस करता येते आणि त्यातला काही भाग गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतो. मी पोळ्याच्या आठवडाभर आधी, म्हणजे ऑगस्टच्या मध्यास गेलो, तेव्हा अंगणात एकच ट्रॉली बांधायला लागलेली होती आणि माझ्या मागणीला 1,85,000 रुपये भाव मिळाला. वीस हजार रुपये विसार दिला.

मात्र श्रावणातील स्वस्ताईत एक फसगत दडलेली असते, तिची नोंद करणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात न खपलेल्या तयार ट्रॉल्या याच काळात कमी भावात दाखवल्या जातात. त्या दोन-तीन महिने उघड्यावर भिजलेल्या असतात. रंग चकचकीत दिसतो, पण तळाच्या सांध्यांना नखाने खरवडले की तांबडा भुगा हाती येतो. अशा ट्रॉलीला कधीकधी रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवलेले, टायर लावलेले असतात. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, तिचे पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन आकडे वर्ष सांगतात. तेवढे वाचले तरी टायर किती जुना आहे ते कळते. या कारखान्यातही अशी एक ट्रॉली उभी होती, आणि ती पंधरा हजारांनी स्वस्त होती. मी ती घेतली नाही. स्वस्त काळात जायचे ते बनवून घेण्यासाठी, उरलेले उचलण्यासाठी नव्हे, असे माझे मत आहे.

बनवून घेण्याचा दुसरा लाभ म्हणजे काम डोळ्यांदेखत होते. चॅनलची जाडी, तळाचा पत्रा, कमानपाट्यांची संख्या, एक्सल आणि ड्रॉबारची पिन हे सारे कागदावर लिहून घेतले होते, आणि सांगाडा तयार झाल्यावर मी दोनदा जाऊन पाहून आलो. हंगामात असे कोणी फिरकू देत नाही. रिकाम्या ट्रॉलीचे वजन साडेअठरा क्विंटलच्या खाली येणार नाही असे ठरले होते. ताबा घेण्यापूर्वी ती वजनकाट्यावर नेली तेव्हा काट्याने 18 क्विंटल 70 किलो दाखवले. पत्रा पातळ लावला असता तर लबाडी तेथेच उघडी पडली असती.

रंगाच्या बाबतीत मात्र पावसाळा खरोखरच अडचणीचा आहे. दमट हवेत उघड्या लोखंडावर एका रात्रीत गंज बसतो. अमळनेरकडील रंगारी मला स्पष्टपणे म्हणाला, “दादा, आते रंग मारू नका, ऊन पडू द्या.” त्याचे ऐकले. सांगाडा भाद्रपदात पूर्ण झाला, परंतु घासकाम, अस्तर आणि रंग आश्विनातील उन्हात झाले. त्यामुळे दसऱ्याचा मुहूर्त हुकला आणि आईने दोन दिवस अबोला धरला.

या थांबण्याचा एक फायदा न मागता पदरी पडला. शेतीसाठीच्या, माल आपोआप उतरवणाऱ्या ट्रॉलीवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. विसार आधी दिलेला असला तरी ताबा आणि बिल दोन्ही त्या तारखेनंतरचे असल्यामुळे नवा दर लागू झाला, आणि 22,200 रुपयांऐवजी 9,250 रुपये कर भरावा लागला. मालकांनी हा फरक स्वतःहून बिलात उतरवला. अर्थात, असा योग दर श्रावणात येत नाही. तो वगळला तरी अखाजी आणि श्रावण यांच्या भावांतील पंधरा हजारांचा फरक उरतोच.

उणिवाही आहेत. ताबा ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा मिळाला, त्यांपैकी चार दिवसांना पावसाचे कारण नव्हते. मागच्या दिव्यांची तार उघडीच सोडलेली होती आणि परावर्तक पट्ट्या मागून घ्याव्या लागल्या. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून स्वतंत्र होते आणि तिला वेगळा क्रमांक मिळतो, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यासाठी लागणारी कागदपत्रे देताना कार्यालयातील मुलाने मला दोन फेऱ्या घालायला लावल्या. जॅक मात्र उत्तम आहे. पहिल्या वेचणीचा सुमारे अठरा क्विंटल कापूस जाळीसह भरून नेला, आणि उलटवताना कोठेही अडखळ जाणवली नाही.

ज्यांची केळी वैशाखात कापणीला येणार आहे त्यांनीही, माझ्या मते, मागणी आदल्या श्रावणातच नोंदवावी आणि ताबा दिवाळीपूर्वी घ्यावा. ऐन उन्हाळ्यात ज्यांची ट्रॉली मोडली, त्यांना मात्र सांगितलेला भाव मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

आमची 2011 ची ट्रॉली अजून खळ्यात उभी आहे. तळाला नवा पत्रा लावून घेतला आहे, आणि दिवाळीनंतर दोन गिऱ्हाइके येऊन गेली, तरी ती विकलेली नाही. तिला मी अखाजीच्या पंधरा दिवस आधी बाहेर काढणार आहे.