जाड भिंतींच्या घरासाठी काय घ्यावे: रिपीटर, मेश की लॅन केबल?

सोलापूरच्या जुन्या पेठांमध्ये अजूनही माळवदाची घरे आहेत. त्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या असतात, त्यामुळे सोप्यातल्या राउटरचे वायफाय माजघर ओलांडून मागच्या खोलीत जाईपर्यंत क्षीण होते आणि घरात मोठा प्लॅन घेण्याची चर्चा सुरू होते. परंतु दोष बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे की घरातल्या वायफायमध्ये, हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही परीक्षा अवघड नाही. फायबरच्या मोडेमवरचा ‘लॉस’ हा दिवा लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाशच पोहोचत नाही आणि तक्रार नोंदवण्यावाचून उपाय नाही. तो दिवा बंद असेल, तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तिथे पूर्ण वेग मिळाला आणि मागच्या खोलीत मिळाला नाही, तर दोष घरातच आहे. ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या पत्त्याला केलेल्या पिंगला (जोडणी तपासण्यासाठी पाठवलेल्या छोट्या संदेशाला) उत्तर येते, पण कोणतेही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, अशी स्थिती असेल तर बहुधा डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेची अडचण असते. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलल्याने ती सुटते, त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

दोष घरातच निघाला, तर पहिला आणि सर्वांत स्वस्त पर्याय रिपीटरचा, म्हणजे राउटरचे वायफाय पकडून पुढे पाठवणाऱ्या छोट्या यंत्राचा. आमच्या घरी सोप्यात ८० एमबीपीएस वेग येत असे आणि मागच्या खोलीत जेमतेम ५. आम्ही रिपीटर मागच्या खोलीत, अगदी टेबलाशेजारच्या सॉकेटमध्ये लावला. मोबाईलवर सगळ्या रेघा भरलेल्या दिसू लागल्या, वेग मात्र तेवढाच राहिला. त्या रेघा मोबाईल आणि रिपीटर यांच्यातील जोडणी दाखवतात. रिपीटरला राउटरकडून काय मिळते, ते त्यांतून कळत नाही. रिपीटर माजघरातल्या कोनाड्यात, दाराच्या सरळ रेषेत हलवल्यावर वेग २५ पर्यंत गेला. एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालणारा रिपीटर तोच संदेश एकदा ऐकतो आणि पुन्हा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो; घ्यायचाच असेल तर ड्युअल बँडचा, म्हणजे दोन बँडवर चालणारा घ्यावा. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला खिळा ठोकण्याचीही परवानगी नसते, तिथे हाच पर्याय व्यवहार्य आहे.

मेशमध्ये दोन-तीन युनिट एकाच नावाचे वायफाय घरभर देतात आणि चालताना मोबाईल एका युनिटवरून दुसऱ्यावर सहज जातो. जुळे सोलापूरकडच्या आरसीसी बंगल्यांत, विटांच्या पातळ भिंती आणि दोन मजले असताना, मेशचा उपयोग चांगला होतो. दगडी भिंतीला मात्र मेशही अपवाद नाही. वायफायच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झवर २.४ गिगाहर्ट्झपेक्षा अधिक वेग मिळतो, पण त्याची लहर भिंतीपुढे अधिक दुबळी असते; त्यामुळे युनिट एकमेकांना केबलने जोडली नाहीत, तर महाग मेश घेऊनही अपेक्षित वेग मिळत नाही.

म्हणूनच स्वतःचे घर आणि कामाची जागा ठरलेली असेल, तर मी लॅन केबलचीच शिफारस करतो. कॅट ६ प्रकारची लॅन केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएस वेग देते आणि भिंत किती जाड आहे, याचा तिला फरक पडत नाही. केबल शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल टाळावी. कनेक्टर बसवल्यानंतर वेग नेमका १०० एमबीपीएसवर अडकला, तर आठपैकी एखादी तार नीट बसली नसण्याची शक्यता मोठी असते. गच्चीवरून उघडी केबल नेऊ नये, कारण आपल्याकडच्या उन्हाने तिचे आवरण तडकते आणि वळवाच्या विजांमध्ये तांब्याची तार राउटरला धोक्याची ठरते. मागच्या खोलीत वायफायही हवे असेल, तर जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलमधले नेट वायफायने देण्यासाठी, त्याच केबलला जोडता येतो.

विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घराला लागून यंत्रमाग आहेत, त्यांनी या अडॅप्टरच्या वाटेला जाऊ नये. दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असल्या की जोडणी धड लागत नाही आणि मागांच्या मोटारींचा व्यत्यय असतो तो वेगळाच.

वीज जाण्याचाही विचार करावा. केबलने जोडलेल्या लॅपटॉपसाठी मोडेम आणि राउटर यांना मिनी यूपीएस पुरतो. रिपीटर किंवा मेशच्या प्रत्येक युनिटची मात्र वेगळी सोय करावी लागते. केबलचे ठरले, तर दिवाळीच्या रंगकामाआधी वायरमनकडून माजघरातून पाइप टाकून घ्यावा आणि त्यात एकाऐवजी दोन केबल ओढून ठेवाव्यात.