जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग: पहिल्या वर्षानंतरचा अनुभव

पहिल्या वर्षाचा निकाल लागला, पास झाले. आयसीयूतल्या मैत्रिणी सारखं विचारतात, डिप्लोमानंतरचा हा डिग्री कोर्स करावा का, म्हणून सविस्तर लिहिते. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, सोलापुरात खासगी हॉस्पिटलला स्टाफ नर्स.

आधी हजेरीचं. रेग्युलर कोर्स दोन वर्षांचा आणि पूर्ण वेळ. प्रत्येक विषयाला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीकडे ८० टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. डिग्री मिळण्याआधी प्रॅक्टिकलचे तास तर १०० टक्के भरावे लागतात. त्यामुळे ‘नोकरी सांभाळून आरामात होतं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी फक्त काही नाइट करते, पगार निम्म्यावर आलाय. हँडओव्हर दिला की थेट वर्गात, आणि मे महिन्यात आपल्या उन्हात दुपारचं लेक्चर! घर एका पगारावर चालत असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा तीन वर्षांचा कोर्स बघा. मात्र प्रॅक्टिकल तिथेही चुकत नाही.

अभ्यासात मला सगळ्यात जास्त दिलं ते बायोकेमिस्ट्रीने, जिची सगळ्यांना धास्ती असते. डीकेएचा (मधुमेहात रक्तातलं आम्ल धोकादायक वाढतं, तो) पेशंट आला की डॉक्टर इन्सुलिन ड्रिपआधी पोटॅशियमचा रिपोर्ट मागतात, हे वर्षानुवर्षं बघत होते. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशीत ढकलतं, रक्तातलं आणखी घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे आता नीट कळलं. हल्ली रिपोर्ट कमी दिसला की ड्रिप लावायच्या आधी मीच डॉक्टरांना फोन करते.

नर्सिंग फाउंडेशन मात्र कंटाळवाणं. इतकी वर्षं ड्यूटी केलेल्या बाईने पुन्हा बेड मेकिंग करून दाखवायचं! वॉर्डात एका आजींनी विचारलंच, “सिस्टर, तुमी परत शाळंत जायलाव का?” केअर प्लॅनच्या (पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याच्या आराखड्याच्या) फाइली लिहून बोटं दुखतात, आणि बऱ्याच जणी एकमेकींच्या उतरवतात, हे उघड गुपित आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईंच्या फाइलीत मी ‘लो सॉल्ट डाएट’ लिहिलं. त्यांना तेलुगूच नीट कळायचं. सुनेला मध्ये घालून समजावलं की कडक भाकरी खुशाल खा, शेंगा चटणीतलं मीठ आवरा. त्या संभाषणाला इंटर्नलमध्ये शून्य मार्क.

पैशाचं स्पष्ट सांगते. खासगीत बेडसाइडलाच राहणार असाल तर डिग्रीने पगार फारसा हलत नाही. ट्यूटर व्हायचं असेल किंवा एम.एस्सी. करायची असेल तरच हा खटाटोप. एम.एस्सी.ला नुसता डिप्लोमा चालत नाही आणि डिग्रीला ५५ टक्के लागतात, म्हणून ‘पास झालं की बास’ असं करून चालत नाही.

दुसऱ्या वर्षी मेंटल हेल्थ, कम्युनिटी, ॲडमिनिस्ट्रेशन आणि रिसर्च-स्टॅटिस्टिक्स आहे. प्रोजेक्टला चटणीतल्या मिठाचाच विषय घ्यायचा म्हणतेय. मॅडम अजून हो म्हणालेल्या नाहीत.